कराची ते जुहू : सात तास पंधरा मिनिटे

(बी. ए. भाग २)

दिनांक १५ ऑक्टोबर १९३२. सकाळचे ६ वाजून ३५ मिनिटे झालेली. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावर एक लहानसे, एकाच इंजिनाचे 'पस मॉथ' जातीचे विमान उभे आहे. आत टपालाच्या थैल्या रचून ठेवलेल्या आहेत. चालकाच्या जागी अठ्ठावीस वर्षांचा एक सडपातळ तरुण बसला आहे. सोबतीला दुसरे कोणी नाही. वाट दाखवणारे यंत्र नाही, जमिनीशी बोलण्याची सोय नाही. इंजिन सुरू होते, विमान धावू लागते आणि पूर्वेकडे, उगवत्या सूर्याच्या दिशेने, आकाशात चढते. त्या तरुणाचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सारा देश त्यांना जे. आर. डी. म्हणून ओळखतो.

त्याच दिवशी दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी हे विमान मुंबईत जुहूच्या मातीवर उतरले. भारतीय विमानसेवेचा तो पहिला दिवस.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, बार्शीटाकळीच्या कॉलेजात शिकणाऱ्या, अजून विमानात पाऊलही न ठेवलेल्या मुलीने विमानाच्या माणसावर का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. ते मी पुढे सांगणारच आहे. आधी या माणसाची ओळख करून घेऊ.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरात झाला. वडील रतनजी दादाभाई हे उद्योगमहर्षी जमशेदजी टाटांच्या नात्यातले आणि त्यांच्या कारभारातले सहकारी. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. लग्नानंतर ती सूनी टाटा झाली. जमशेदजी त्याच वर्षीच्या मे महिन्यात गेले. एक दिवा मालवला आणि दोन महिन्यांनी त्याच घराण्यात दुसरा लागला, असे म्हणायला हरकत नाही. वडिलांच्या व्यापारामुळे मुलांचे बालपण फ्रान्स, जपान आणि मुंबई असे तीन ठिकाणी विखुरले. घरात आईची भाषा फ्रेंच, त्यामुळे या मुलाची पहिली भाषाही फ्रेंचच होती.

उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी हार्दलो नावाचे गाव आहे. तेथे टाटांचे सुटीतले घर होते. शेजारी राहत होते लुई ब्लेरिओ. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. हार्दलोच्या वाळूवर विमाने उतरत आणि हा मुलगा डोळे फाडून ती पाहत राही. पंधराव्या वर्षी त्याला कोणीतरी विमानातून एक फेरी मारून आणली. आपणही वैमानिक व्हायचे, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकले.

परंतु मनात ठरवलेले सगळेच कोणाच्या वाट्याला येत नाही. आई १९२३ साली क्षयाने गेली. फ्रेंच नागरिक असल्यामुळे वर्षभर फ्रान्सच्या सैन्यात नोकरी करावी लागली. ती संपल्यावर सैन्यातच थोडे आणखी राहावे असे या तरुणाच्या मनात होते. वडिलांनी परत बोलावले आणि ते बरेच झाले म्हणायचे, कारण ज्या तुकडीत तो होता ती पुढे मोरोक्कोत कापली गेली. त्यानंतर त्याला इंग्लंडमध्ये केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकायचे होते. वडिलांना मात्र मुलगा कारभारात हवा होता. १९२५ च्या डिसेंबरात तो मुंबईच्या टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी वडीलही वारले. बावीस वर्षांच्या त्या मुलाच्या अंगावर घरची सगळी जबाबदारी पडली आणि कॉलेजचे दार कायमचे बंद झाले.

जे. आर. डीं.ना कॉलेजात जायला मिळाले नाही याची खंत जन्मभर होती. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणीच चढलेले नाही. बाबा सातवीपर्यंत, आई चौथीपर्यंत शिकलेली. ज्याच्या घरी कारखाने होते त्याला कॉलेज मिळाले नाही आणि ज्यांच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्यांच्या मुलीला ते मिळाले. या गोष्टीचा गर्व करावा असे मला वाटत नाही. पण आपल्या हाती काय आले आहे हे आपल्याला कळले पाहिजे. आपल्यापैकी किती जण तासिका बुडवून स्टँडवर उभे असतात, हे मी येथे लिहीत नाही. प्राध्यापकांना ते माहीतच आहे.

पदवी नाही म्हणून जे. आर. डी. रडत बसले नाहीत. दिवसा कचेरीत शिकायचे आणि रात्री पुस्तके घेऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्यावर ते लगेच तेथे पोहोचले. शिक्षकाबरोबर अवघे पावणेचार तास उडून त्यांनी एकट्याने विमान चालवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक होता १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

पुढच्या वर्षीची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर जो हिंदी माणूस एकट्याने विमानातून पहिला पार करील त्याला ५०० पौंडांचे बक्षीस आगाखानांनी लावले होते. जे. आर. डी. ३ मे १९३० रोजी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनीअर नावाचा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट बाजूने निघाला होता. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीर येथे पडली. अस्पीच्या इंजिनाचा स्पार्क प्लग निकामी झालेला आणि त्याच्याजवळ दुसरा नव्हता. तो अडकून पडला असता तर बक्षीस जे. आर. डीं.चे होते. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. दोघेही आपापल्या वाटेने गेले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. हाच अस्पी पुढे १९६० साली भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. एका स्पार्क प्लगची किंमत किती, हे कोणी सांगावे!

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मार्च १९२९ पासून इंग्लंडची इम्पीरियल एअरवेज ही कंपनी लंडनचे टपाल आठवड्यातून एकदा कराचीपर्यंत आणू लागली होती. जे टपाल बोटीने यायला दोन-अडीच आठवडे लागत ते आठवडाभरात येऊ लागले. पण कोठपर्यंत? कराचीपर्यंत. तेथे थैल्या विमानातून उतरत आणि आगगाडीत चढत. युरोप, इराक, इराण ओलांडून आलेले पत्र शेवटच्या टप्प्यात मंदावत होते. आधी वाचवलेला वेळ येथे वाया जात होता.

ही त्रुटी नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या लक्षात आली. कराचीहून टपाल विमानाने मुंबईला आणि पुढे मद्रासला न्यावे अशी योजना घेऊन तो जे. आर. डीं.कडे आला. टाटांचे अध्यक्ष सर दोराबजी त्या वेळी थकलेले होते. त्यांना हा खर्च पटेना. जॉन पीटरसन या वरिष्ठ अधिकाऱ्याने तरुणांची बाजू घेतली, तेव्हा दोन लाख रुपयांची परवानगी मिळाली. सरकारकडून कसलीही मदत नव्हती. फक्त जेवढे टपाल न्याल तेवढे पैसे, असा करार १९३२ च्या एप्रिलमध्ये झाला. दोन लहान विमाने आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे, एवढीच ती कंपनी होती.

मी भूगोलाचा नकाशा घेऊन या पहिल्या उड्डाणाचा हिशेब करून पाहिला. कराची ते मुंबई सरळ रेघ ओढली तर अंतर सुमारे ८७५ किलोमीटर भरते. पण विमान सरळ रेघेने आले नाही. वाटेत अहमदाबादला टपाल द्यायचे होते आणि पेट्रोलही भरायचे होते. कराची ते अहमदाबाद सुमारे ६०० किलोमीटर आणि तेथून मुंबई सुमारे ४४०, म्हणजे एकूण १०४० च्या आसपास. पस मॉथचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. म्हणजे हवेतले साडेसहा तास झाले. राहिलेला पाऊण तास अहमदाबादच्या जमिनीवर गेला असावा. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते! जगातली नवी सवारी आपली तहान भागवण्यासाठी जगातल्या सर्वांत जुन्या सवारीची वाट पाहत उभी होती. आपल्याकडच्या माणसाला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत.

या हिशेबातून एक गोष्ट कळते. दोन गावांमधले अंतर वेगळे आणि तेथे पोहोचायला लागणारा वेळ वेगळा. अंतर देवाने ठरवले आहे. वेळ माणसे ठरवतात. वाटेत कोठे थांबावे लागते, कोणाची वाट पाहावी लागते, पुढची गाडी लागलेली आहे की नाही, यावर ती ठरते. जुहूला व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन तयार होता. मद्रासच्या थैल्या घेऊन तो बेल्लारीमार्गे पुढे निघाला. टाटांची खरी करामत मला यातच दिसते. त्यांनी नुसते विमान उडवले नाही, तुटलेली साखळी जोडली.

त्या काळी जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रकाठचे चिखलाचे मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला न्यायचा आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानातून विमाने सोडायची. इतक्या अडचणी असूनही पहिल्या वर्षात या दोन-तीन विमानांनी १ लाख ६० हजार मैलांचा प्रवास केला, १५५ उतारू आणि जवळजवळ दहा टन टपाल नेले आणि ६० हजार रुपयांचा नफाही मिळवला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टपाल वेळेवर पोहोचले. पाऊस आला म्हणून आज पत्र नाही, असे त्यांनी होऊ दिले नाही.

आमची आजी विमानाला इमान म्हणते. वऱ्हाडात सगळीच जुनी माणसे तसे म्हणतात. लहानपणी मी तिला हसत असे. जे. आर. डीं.चे चरित्र वाचल्यावर मला वाटले की आजीचा शब्द काही चुकीचा नाही. दुसऱ्याचे पत्र आपल्या हाती आले आहे, ते सांगितलेल्या वेळी पोहोचवायचे, याला इमान नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी ती धुरा वाहिली. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक कर्करोग रुग्णालय उघडले. आपल्या भागातून कितीतरी रोगी आजही तेथे जातात. डॉ. होमी भाभांच्या मूलभूत संशोधन संस्थेलाही त्यांनी पाठबळ दिले. पण त्यांचा जीव होता तो विमानात. जिवाभावाचा साथीदार व्हिन्सेंट १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत इंग्लंडला जाताना विमानासह नाहीसा झाला. १९४६ साली टाटा एअरलाइन्सचे नाव एअर इंडिया झाले.

स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते तेव्हा, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार इंजिनांचे विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन मुक्काम होते. अंतर सुमारे पाच हजार मैल, प्रवास सुमारे २४ तासांचा. पहिल्या प्रवाशांत जे. आर. डी. आणि त्यांच्या पत्नी थेल्मा होत्या. आपल्या अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिक्षणासाठी विलायतेला गेले ते बोटीने. त्या वेळी आठवडे मोजावे लागत. अठ्ठावीस वर्षांत आठवड्यांचे तास झाले. १९६० साली एअर इंडियाकडे जेट विमाने आली आणि तास आणखी कमी झाले. आज मुंबईहून निघालेले विमान सुमारे ७२०० किलोमीटरचे अंतर कोठेही न थांबता नऊ-दहा तासांत कापून लंडनला उतरते. वेगाची किंमतही माणसांनी मोजली आहे. तीच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्स पर्वतात माँ ब्लाँच्या शिखराजवळ आदळली आणि आतील ४८ माणसे गेली.

याच काळातली एक गोष्ट आपल्या विदर्भाची आहे. दळणवळण मंत्री रफी अहमद किदवई यांनी ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून चार विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरला हा मान मिळाला. जे. आर. डीं.चा मात्र या योजनेला विरोध होता. रात्री विमान सुरक्षित उतरवण्याची साधने देशात पुरेशी नाहीत, तोवर घाई करू नये, असे त्यांचे मत होते. त्यांच्या कंपनीने ती सेवा घेतली नाही. दुसऱ्या कंपन्यांनी ती चालवली आणि ती पुढे कित्येक वर्षे चालली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेले टपालाचे विमान उड्डाण होताच इंजिन बंद पडल्याने कोसळले आणि १३ जण दगावले.

या वादात कोण बरोबर होते? वर्गात आम्ही यावर बोललो तेव्हा मते दोन्ही बाजूंची पडली. सेवा चालली, लोकांना एका रात्रीत पत्र मिळू लागले, म्हणून किदवई बरोबर. पण घाईत माणसाचा जीव टांगणीला लावू नये हेही खरे. मला एवढेच दिसते की ज्या माणसाने विनायंत्र, एकट्याने, कराची ते मुंबई उडण्याचे धाडस केले, तोच माणूस दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा थांबा म्हणाला. स्वतःच्या धाडसाचे आणि दुसऱ्याच्या धाडसाचे माप त्यांनी एक धरले नाही.

नकाशावर मुंबई ते नागपूर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती आपल्या बार्शीटाकळीच्या थोडी दक्षिणेकडून जाते. आजी सांगते की ती लहान असताना अंगणात बाजेवर झोपली म्हणजे रात्री वरून घुंऽऽ असा आवाज जाई आणि मोठी माणसे इमान चालले म्हणत. ते टपालाचे विमान असेल की दुसरे कोणते, हे आता कोण सांगणार? पण पत्रांनी भरलेली विमाने आपल्या कपाशीच्या वावरांजवळून रात्री जात असतील, ही कल्पना मनातून जात नाही. आणि त्यांपैकी एकही आपल्याकडे थांबत नव्हते, हेही मनातून जात नाही.

१९५३ साली सरकारने सर्व विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने काही काळ थांबण्याचा सल्ला आधीच दिलेला होता. जे. आर. डीं.नाही हा निर्णय आणि तो ज्या तऱ्हेने घेतला गेला ती तऱ्हा पटली नाही. तरी पंडित नेहरूंच्या विनंतीवरून ते एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्ष राहिले. पगार न घेता त्यांनी पंचवीस वर्षे हे काम केले. प्रवासात ते स्वस्थ बसत नसत. पडदे मळलेले आहेत का, चहा बरोबर झाला आहे का, संडास स्वच्छ आहे का, हे सगळे पाहून टिपून ठेवायचे आणि परतल्यावर पत्रे लिहायची. एवढ्या मोठ्या माणसाने असल्या लहान गोष्टीत का लक्ष घालावे, असे कोणी म्हणेल. पण प्रवाशाला विमानाचे इंजिन दिसत नाही, त्याला पडदाच दिसतो.

फेब्रुवारी १९७८ मध्ये त्या वेळच्या केंद्र सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. महिनाभरापूर्वीच, १ जानेवारीला, 'एम्परर अशोक' हे विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळून २१३ माणसे गेली होती. त्या दुःखात असतानाच हा घाव बसला. तोही सरकारी पत्रातून नव्हे, बातमी आधी दुसरीकडून कळली. ज्याने देशाला वेळेवर पत्र पोहोचवायला शिकवले त्यालाच त्याचे पत्र उशिरा मिळाले. त्यांनी आकांडतांडव केले नाही. १९८० साली इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले, तेही त्यांनी शांतपणे स्वीकारले.

आणि मग १५ ऑक्टोबर १९८२ आला. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. 'लेपर्ड मॉथ' नावाच्या तशाच जुन्या, लहान विमानात बसले आणि पुन्हा एकट्याने कराचीहून मुंबईला आले. आता मधे सरहद्द आलेली होती. एका देशातला प्रवास दोन देशांतला झाला होता. अंतर तेवढेच, पण ते पार करायला आता दोन सरकारांची संमती लागत होती. म्हाताऱ्या माणसाने हे कशाला करावे? देशातल्या तरुणांचा उत्साह मावळू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जेथे जन्म झाला त्या पॅरिसमध्येच त्यांचे दफन झाले. त्यांनी जन्माला घातलेली एअर इंडिया जवळजवळ सत्तर वर्षांनी, २७ जानेवारी २०२२ रोजी, पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला ते नव्हते.

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेले कारण सांगते. माझा मोठा दादा दुबईत वायरमनचे काम करतो. मी अकरावीत होते तेव्हा आमचे आजोबा वारले. पहाटे चार वाजता दादाला फोन केला. सुटी मिळून दुपारचे तिकीट निघाले. दुबई ते मुंबई सुमारे १९०० किलोमीटर, विमानाला लागले तीन तास. रात्री नऊला तो मुंबईत उतरला. बाहेर येईपर्यंत रात्रीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. मुंबई ते अकोला रेल्वेने सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. तो खाजगी बसने निघाला, वाटेत बस बिघडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो अकोल्याला आला. तेथून अठरा किलोमीटरवर घर. आम्ही आदल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत थांबलो होतो. त्यापुढे गावकरी थांबू देईनात. दादा आला तेव्हा राख सावडायची राहिली होती. १९०० किलोमीटरला तीन तास आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला पंधरा तास. दादा नंतर एकच गोष्ट म्हणायचा, की परदेश दूर नाही, आपले गाव दूर आहे.

म्हणून मला कराचीला आगगाडीत चढणाऱ्या त्या थैल्या इतक्या जवळच्या वाटल्या. लंडन ते कराची जिंकणारे पुष्कळ होते. कराचीच्या पुढचे अंतर कोणाला तरी आपले वाटायला हवे होते. ते जे. आर. डीं.ना वाटले. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. प्रवास पावणेदोन तासांच्या आसपासचा आहे. त्या दिवशी आजोबांची आठवण घरात सगळ्यांनाच आली, पण कोणी बोलले नाही. अकोल्याची शिवणीची धावपट्टी तर १९४३ सालापासून आहे. दादा आला त्या दिवशी तेथून मुंबईला जाणारे-येणारे प्रवासी विमान नव्हते. धावपट्टी असणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे.

पुढच्या वर्षी बी. ए. झाल्यावर मला एम. ए. साठी पुण्याला जायचे आहे. घरी हा विषय निघाला की आई किती किलोमीटर आहे असे विचारत नाही. ती विचारते, रात्री निरोप आला तर कधी पोहोचशील? कोणतेही अंतर मोजण्याचा हाच खरा प्रश्न आहे असे मला आता वाटते. त्याचे उत्तर माझ्याजवळ अजून नाही. पण असे उत्तर एकट्याला तयार करता येत नाही, ते रस्ते, गाड्या, विमाने आणि वेळेवर येणारी माणसे मिळून तयार होते, हे मला या चरित्राने शिकवले. आपण शिकून जेथे कोठे नोकरीला लागू, टपालात, रेल्वेत, एस. टी. त किंवा शाळेत, तेथे आपल्या हाती आलेली थैली वेळेवर पुढे द्यावी. आजीच्या भाषेत सांगायचे तर, इमान राखावे. पदवी न मिळालेल्या त्या थोर माणसाला आपल्यासारख्या पदवी घेणाऱ्यांनी वाहायची आदरांजली याहून वेगळी काय असणार!